ईशान्येचा उतार

पाडवा झाला की आमचे श्रीनिवासमामा गच्चीवर जायला लागायचे. बाकीच्या घरांत त्या सुमाराला लोणच्याच्या कैऱ्यांची बोलणी चालतात, मामांच्या घरी भेगांची. ऊन चढायच्या आत जुनी पँट दुमडून, हातात खडू घेऊन ते उकिडवे सरकत जायचे आणि भेग दिसेल तिथे फुली मारायचे. खालून मामी हाक मारायची, "अहो, चहा निवतोय." "हौ, आलो," म्हणायचे आणि यायचे नाहीत. मग मामी तो चहा पुन्हा गरम करायची, आणि तो पुन्हा निवायचा.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. चिक्कडपल्लीत त्यांचं बैठं घर होतं, ते पाडून त्र्याण्णव साली बिल्डरने त्या जागी इमारत उभी केली आणि मामांना एक फ्लॅट निवडायला सांगितलं. मामीने सगळ्यात वरचा निवडला. तिचं म्हणणं सरळ होतं, देव्हाऱ्याच्या वर कुणाचं न्हाणीघर नको. जन्मभर स्वतःच्या छपराखाली राहिलेली माणसं, डोक्यावर कुणी चालतंय ही कल्पनाच तिला सोसवेना. डोक्यावर कुणी नाही म्हणजे डोक्यावर आभाळ आहे, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मामांची सबंध नोकरी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेली. कालवा कुठून फुटेल, चारी कुठे वळेल, पाणी कोणत्या शेतात पोचेल, हे कागदावर दाखवायचं. असा माणूस आणि स्वतःच्या डोक्यावरचं पाणी काही त्याला घालवता येईना. "मामा, एवढी वर्षं तुम्ही पाणी अडवलंत, आता ते सूड उगवतंय," असं मी चिडवायचे. पहिल्यांदा ते हसले. पुढे पुढे हसेनात, आणि मीही चिडवणं सोडलं.

खरं तर सुरुवातीला गच्ची गळत नव्हती. बांधकाम चालू असताना मामा रोज तिथे उभे राहायचे. पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन त्यांनी स्वतः उतार मोजून घेतला होता. गच्चीचं सगळं पाणी मागच्या गल्लीकडे, म्हणजे नैऋत्येला जायचं आणि परनाल्यांतून धो धो खाली पडायचं. पहिले तीन पावसाळे मामा खिडकीत बसून तो आवाज ऐकत भजी खात होते. त्यांच्या तोंडून त्या तीन पावसाळ्यांचं वर्णन ऐकावं, माहेरच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगायचे.

मग वास्तूची साथ आली. आमच्या शहरात त्या वर्षांत ती अशी पसरली की विचारू नका. कुणाची बढती अडली की भिंत फुटायची, कुणाच्या मुलीचं लग्न लांबलं की जिना तोडला जायचा. लोकांनी चांगली दारं विटांनी बुजवली आणि खिडकीतून वाट काढली. मामांच्या खाली दुसऱ्या मजल्यावर नरसिंगराव राहायचे. त्यांचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. बाजार खुला झाला, रस्त्यावर नव्या नव्या गाड्या आल्या आणि नरसिंगरावांच्या दुकानात सगळा माल जुन्या गाड्यांचा. धंदा बसला. त्यांनी होकायंत्र घेतलेल्या एका वास्तुवाल्याला गच्चीवर आणलं. तो दोन चकरा मारून म्हणाला, इमारतीचं पाणी नैऋत्येला वाहतंय, म्हणजे घरातली लक्ष्मी आणि मुलांची प्रगती वाहून चालली आहे. पाणी ईशान्येला गेलं पाहिजे.

गच्चीवरच सगळ्यांची बैठक भरली. मामा इमारतीचे सेक्रेटरी. त्यांनी शांतपणे समजावलं की ईशान्येला लागून एका बंद कोठीची, म्हणजे जुन्या हवेलीची, भिंत आहे. कोठीच्या मालकांचा आपापसात कोर्टात दावा चाललाय, तिकडे पाणी सोडता येणार नाही. मग पाइप त्या कोपऱ्यातून आडवा फिरवून गल्लीपर्यंत आणावा लागेल, आणि एवढ्या लांब आडव्या पाइपात पाणी चालत नाही, बसून राहतं. त्यात कोठीतल्या कडुलिंबाचा पाला. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग नरसिंगराव म्हणाले, "साब, आप इंजिनेरी की बात कर रें. ये वास्तु है."

मामांनी ताणून धरलं असतं तर बेत बारगळला असता, कारण गळती लागली तर ती त्यांच्याच घराला लागणार होती. पण घरात पराग होता. पराग त्यांचा एकुलता एक. अमीरपेटला कॉम्प्युटरचा कोर्स करून त्याने अमेरिकेतली नोकरी मिळवली होती आणि मद्रासला व्हिसा नाकारला गेला होता. कॉलनीतली चार पोरं गेली, हा परत आला. दिवसचे दिवस तो खोलीतून बाहेर पडत नसे.

"एकदा त्यांचं ऐकून बघा," मामी म्हणाली. "गच्ची आपली, पोरगाही आपलाच."

"इंदू, पाण्याला दिशा कळत नाही. उतार कळतो."

"आणि मला पोराचं तोंड कळतं. घास उतरत नाही त्याच्या घशाखाली."

 वास्तुवाल्याला मामांनी उत्तर दिलं होतं, नरसिंगरावांना दिलं होतं, पोराच्या आईला काय देणार? करायचंच तर नीट तरी करू, म्हणून त्यांनी पुन्हा ती पाण्याची नळी काढली आणि यादगिरी मेस्त्रीला बोलावलं. यादगिरीला कशाचंच सोयरसुतक नव्हतं. "तुम उधर बोले तो उधर, तुम इधर बोले तो इधर," म्हणाला आणि जुन्या कोब्यावर नवा थर चढवून उतार फिरवून दिला. जुने परनाले बुजवले. जाता जाता त्याने एकच सुचवलं, "साब, पाइप का लफडा कायकू? कोपरे में कठड्याकू छेद मारो, पानी बंद कोठी में जाता. कौन देखरा?"

मामा एकदम ताठ झाले. "दुसऱ्याच्या अंगणात पाणी सोडायचं नाही," म्हणाले. खात्यात त्यांनी याच एका गोष्टीवरून माणसांची डोकी फुटलेली पाहिली होती. पाणी ज्याच्या वाट्याचं त्याने झेलावं, असा त्यांचा कायदा.

पुढच्याच वर्षी परागला व्हिसा मिळाला. मामीने चिलकूरच्या देवळात व्हिसासाठी प्रदक्षिणाही घातल्या होत्या, परागने दुसऱ्या कंपनीचे कागदही नेले होते, पण इमारतीत श्रेय गेलं ते उताराला. नरसिंगरावांनीही तोवर नव्या गाड्यांचे भाग ठेवायला सुरुवात केली होती आणि दुकान सावरलं होतं. पहिल्या मजल्यावरच्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. सगळ्या घरांतून मामांकडे पेढे आले. मामी ते देवापुढे ठेवून रडली, आणि त्या दिवसापासून त्या उताराला कुणी हात लावायची सोय राहिली नाही.

आणि पाणी? ते मामांनी सांगितलं होतं तसंच वागलं. ईशान्येच्या कोपऱ्यात घोटाभर साचलं, पाइपाच्या तोंडाशी पाला अडकला आणि ते निवांत बसून छतात मुरलं. त्या कोपऱ्याखाली परागची खोली, आणि तिथेच देव्हारा. आधी भिंतीला ओल आली, मग रंगाचे पोपडे सुटले, मग गिलावा पडला आणि गंजलेल्या सळ्या दिसायला लागल्या. मामीने परागचा पलंग भिंतीपासून ओढला, गादी गुंडाळली, थेंबाखाली बादली, घंगाळ, दुधाचं जुनं पातेलं मांडलं आणि देव्हाऱ्यावर परागचा शाळेतला रेनकोट घातला. मी म्हटलं, "मामी, देव तरी हॉलमध्ये आण." ती म्हणाली, "ईशान्येचे देव हलवू नयेत."

मामा दर वर्षी उपाय करायचे. उन्हाळ्यात फुल्या मारलेल्या भेगा छिन्नीने रुंद करून पक्क्या भरायच्या, कठड्याच्या कडेला सिमेंटची गोलाई घ्यायची, पाइप बांबूने साफ करायचा, मे महिन्यात कोपऱ्यात मातीचा बांध घालून पाणी भरून ठेवायचं आणि खाली येऊन छताकडे बघत बसायचं. एका वर्षी डांबर झालं. एका वर्षी टाय लावलेला एक पोरगा आला, परदेशी रसायन, दहा वर्षांची हमी. गच्ची छान पांढरीशुभ्र झाली. दुसऱ्या पावसाळ्यात मामा हमीपत्र घेऊन नारायणगुड्याला गेले, तर कंपनीच्या जागी मोबाइल फोनचं दुकान निघालं होतं. मामा तिथून बसने परत आले.

खरा उपाय त्यांना ठाऊक होता. वरचा थर फोडायचा, उतार पहिल्यासारखा करायचा. दर पाडव्याला ते मामीला म्हणायचे, "इंदू, या वर्षी फिरवू का?" मामी म्हणायची, "त्याची नोकरी पक्की होऊ दे." पुढच्या वर्षी, "लग्नाचं जमू दे." लग्न काही जमेना, तर "ग्रीन कार्ड होऊ दे." आणि मग मामा खडू घेऊन वर जायचे.

पाऊस आला की हे साठी उलटलेले गृहस्थ एका हातात छत्री, एका हातात बांबू घेऊन घोटाभर पाण्यात उभे राहून पाइपाचं तोंड मोकळं करायचे. गुडघे धरले, खोकला मुरला. खाली मामी बादल्या उचलून न्हाणीघरात ओतायची. घरात शिरलं की ओल्या चुन्याचा वास यायचा, आणि दोघं एकमेकांशी बोलायची ती एवढंच, "भरली का?" "भरत आली." मला राग यायचा, आणि तो मामीचाच यायचा. शिकलेली बाई, पण हट्ट असा की डोळ्यांसमोर नवरा झिजतोय ते दिसत नाही.

दोन हजार सालच्या ऑगस्टात तो मोठा पाऊस झाला तेव्हा नाल्याचं पाणी चिक्कडपल्लीतल्या तळमजल्यांत शिरलं. पाणी आणखी चढेल या भीतीने इमारतीतली सगळी मंडळी टीव्ही आणि दागिने घेऊन मामांच्या घरात आली. मामीने सगळ्यांसाठी खिचडी टाकली. नरसिंगरावांना झोपायला परागची खोली दाखवली, तर ते दारातच थांबले. वर सळ्या, खाली भांड्यांची रांग, देवांवर रेनकोट. "अय्यो," म्हणाले, "इत्ता गिरता?" मीही त्या रात्री तिथेच अडकले होते. मला वाटलं, आता तरी. पाणी ओसरल्यावर मामांनी विषय काढला. नरसिंगरावांनी मामांचे दोन्ही हात हातात घेतले. "साब, इसी उतार से आपका बच्चा अमेरिका में है. छेडना नक्को." आणि मामीने मान डोलावली.

पुढल्या पाडव्याच्या सुमाराला मामा माझ्या बँकेत आले. कधी यायचे नाहीत, म्हणून मी काउंटर सोडून बाहेर गेले. पायरीवर बसले होते.

"परागची नोकरी गेली," म्हणाले. "कंपनीने निम्मी माणसं काढली. आईला सांगू नका म्हणाला, दुसरी बघतोय."

मला वाईट वाटलं, पण लगेच दुसरंही सुचलं, आणि मी ते बोलूनही गेले. "मग मामा, मामीला सांगून टाका. उतार ईशान्येला होता, तरी गेलीच ना? आता यादगिरीला बोलवा."

मामांनी मान हलवली. "स्वाती, पाच वर्षं मला हाच मुद्दा हवा होता गं. आता हातात आलाय तर वापरवत नाही. तिने इतके पावसाळे त्या पाण्याखाली भांडी लावून काढले. त्याचा काही उपयोग नव्हता, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?"

आणि त्या वर्षीही ते खडू घेऊन गच्चीवर गेले. 

जुलैतल्या एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे होते. पाऊस लागून राहिला होता. मामा वर, मामी स्वयंपाकघरात, मी हॉलमध्ये शेपूची भाजी निवडत बसलेली. परागचा फोन रविवारीच यायचा. वाजला तो मामीने घेतला. नेहमी ती मोठमोठ्याने बोलते, आवाज अमेरिकेपर्यंत पोचायला हवा म्हणून. त्या दिवशी ती नुसती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरं. ये. इथे काय कमी आहे?" आणि फोन ठेवला.

मग ती परागच्या खोलीत गेली. मीही मागून गेले. ती छताकडे बघत उभी होती.

"पराग परत येतोय," ती म्हणाली. "पाडव्याच्या सुमारासच गेली म्हणे नोकरी. यांना ठाऊक होतं." आवाजात राग नव्हता. "मामांना खाली बोलाव."

मी वर गेले. मामा कोपऱ्यातल्या पाण्यात वाकून पाला काढत होते. छत्री वाऱ्याने उलटली होती, ती तशीच धरून. माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं असावं. लगेच खाली आले आणि दारात निथळत उभे राहिले. मामीने टॉवेल दिला.

"उतार फोडून टाका," ती म्हणाली.

इतकी वर्षं ज्या शब्दांची वाट बघितली ते ऐकून मामांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "पावसाळ्यात कसा फोडणार, इंदू? सगळंच उघडं पडेल."

"मग तात्पुरतं काहीतरी करा. पोरगं दमून येणार आहे. त्याला कोरड्यात निजू दे."

मामा पलंगाच्या कडेवर बसले. "हे बघ, हे उताराने झालेलं नाही. उताराने गेला नव्हता, आणि उताराने..."

"मला कळत नव्हतं असं वाटलं का तुम्हाला?" मामी म्हणाली. "आठवीच्या पोरींना भूगोल शिकवलाय मी, पाणी कसं वाहतं ते मला माहीत आहे. पण इथे काहीतरी सोसत राहिलं की वाटायचं, तिकडे त्याला तेवढं कमी सोसावं लागत असेल. दुसरं काय होतं माझ्या हातात?"

मी तिच्यावर धरलेल्या सगळ्या रागाची मला लाज वाटली.  मामा उठले, पलंगाखालची छिन्नी आणि हातोडी काढली आणि जिना चढायला लागले. मी छत्री घेऊन धावले.

मामा कोपऱ्यात पाण्यात बसले आणि कठड्याला, बंद कोठीच्या बाजूने, जमिनीलगत छिन्नी लावली. मला यादगिरी आठवला आणि मामांचा कायदाही. "मामा, तिकडे दुसऱ्याचं अंगण आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे," म्हणाले आणि ठोकत राहिले.

आवाज ऐकून नरसिंगराव लुंगी सावरत वर आले. बघत राहिले, पण अडवायला त्यांच्याकडे कारण नव्हतं. पाणी ईशान्येलाच चाललं होतं. वीट निखळली तसं ते भसकन भोकातून निघालं आणि खाली कडुलिंबाच्या बुंध्याशी पडायला लागलं. पाच वर्षं जे पाणी पाइपात शिरायला कंटाळत होतं ते चहा व्हायच्या आत गच्चीवरून गेलं. मामा ओल्या कोब्यावर तसेच बसून होते. हात रक्ताळले होते. "इतकंच होतं," म्हणाले. मग छिन्नी पुसत म्हणाले, "तिने तिचं सोडलं. मी माझं कशाला धरून बसू?"

आम्ही खाली आलो. मामी खोलीत वर मान करून उभी होती. थेंब पडतच होते, एक बादलीत, एक घंगाळात.

"पाणी गेलं ना?" तिने विचारलं.

"गेलं. पण इतकी वर्षं मुरलंय, ते निघायला वेळ लागेल," मामा म्हणाले.

"कधी येणार आहे तो?" मी विचारलं.

"पुढच्या महिन्यात," मामी म्हणाली. तिने बादली थेंबाखाली नीट सरकवली, परागची गुंडाळलेली गादी एका टोकाला धरली आणि मामांना म्हणाली, "धरा." दोघांनी मिळून ती हॉलमध्ये नेली आणि पंख्याखाली पसरली.